मिथुनेचा शूद्र, कर्केचा ब्राह्मण

लखनौच्या तारेवाली कोठीत आज स्टेट बँक आहे. नवाबी काळात, १८३० च्या दशकात, इथे वेधशाळा उभी राहिली आणि १८४९ मध्ये ती बंदही पडली. याच शहरातल्या विद्यापीठात आता ज्योतिर्विज्ञानाचा विभाग चालतो. वेधशाळेची बँक झाली, पत्रिकेला मात्र पदवी मिळाली.

आपली शिकलेली मुलंही म्हणतात, पंचांगातलं ग्रहण मिनिटाने चुकत नाही, मग भविष्य थोतांड कसं? ग्रहण हे सावलीचं गणित आहे. आर्यभटाने ते इसवी सन ४९९ च्या सुमारास मांडलं, त्याला राहू-केतू लागले नाहीत. आकाशाची चक्रं खरीच आहेत. त्यांची पत उसनी घेऊन फलज्योतिष आपला माल खपवतं.

तो माल कोणता, ते पाहा. लग्नासाठी ३६ गुण जुळवतात, त्यातला पहिला गुण 'वर्ण'. कर्क, वृश्चिक, मीन ब्राह्मण; मेष, सिंह, धनू क्षत्रिय; वृषभ, कन्या, मकर वैश्य; मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. वराचा वर्ण वधूच्या बरोबरीचा किंवा वरचा असेल तरच गुण मिळतो. हा वर्ण जातीचा नाही, स्वभावाचा आहे, असं गुरुजी समजावतात. मग मुलगी वरच्या वर्णाची असली की गुण का कापता? हा तर अनुलोम-प्रतिलोमाचाच कायदा झाला, मनुस्मृतीतून उचलून चंद्रावर नेऊन ठेवलेला.

आणि तो चंद्र तरी कुठे एका जागी आहे? पृथ्वीचा आस डुलतो, त्यामुळे संपातबिंदू साधारण ७२ वर्षांत एक अंश सरकतो. उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू होतं, आपण तिळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. टिळक पंचांगाची संक्रांत तर १० जानेवारीच्या सुमारास येते, कारण राशीचक्र कुठून मोजायचं यावर पंचांगकर्त्यांचंच एकमत नाही. दाते आणि टिळक पंचांगांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. म्हणजे जन्मवेळी चंद्र मिथुनेच्या शेवटच्या चार अंशांत असेल, तर ते मूल दात्यांकडे शूद्र आणि टिळकांकडे ब्राह्मण! एक रास तीस अंशांची. किती बाळांचा वर्ण असा बदलत असेल, हिशेब तुम्हीच करा.

२००८ मध्ये जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी पुण्यात चाचणी घेतली. हुशार मुलं कोणती आणि मतिमंद कोणती, एवढंच पत्रिकेवरून ओळखायचं होतं. २७ ज्योतिषांची उत्तरं सुमारे ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तर यापेक्षा वाईट झालं नसतं.

छत्तीसपैकी एकच तर गुण, असं कुणी म्हणेल. पण प्रश्न त्या एका गुणाचा नाही, तो तपासायला आपण पत्रिका पुढे करतो याचा आहे. आपल्याच वधू-वर मेळाव्यांच्या फॉर्मवर वर बाबासाहेबांचा फोटो असतो आणि खाली रास, नक्षत्र, नाडीचे रकाने. तो फॉर्म छापणारे पदवीधरही आपणच.