घरगुती विज्ञान : बिनतारी संदेश आणि शक्तीची काटकसर

रिकाम्या खोलींत दिवा जळत राहिला कीं घरांतील वडील मंडळी रागावतात. परंतु आकाशमार्गानें जाणाऱ्या संदेशालाहि तेल लागतें, हें आपल्या ध्यानांत सहसा येत नाहीं. कोंकणास तें ता. 3 जून 2020 रोजीं कळून आलें. त्या दिवशीं 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन, म्हसळा, तळा या भागांत विजेचे खांब आडवे झाले, आणि मागोमाग मोबाइलचे मनोरेहि मुके झाले. मुंबई-पुण्यास राहणाऱ्या कित्येक कुटुंबांस गांवच्या वृद्धांची खुशाली कळेना.

उभा मनोराहि मुका कां होतो? त्याच्या यंत्रास अखंड वीज लागते. ती गेली म्हणजे बॅटरीचा सांठा, आणि तोहि सरला म्हणजे डिझेलचें जनित्र. झाडें पडून रस्ते अडले कीं डिझेल पोंचत नाहीं. समजा, सांठा 24 युनिटांचा आहे. यंत्र तासास 3 युनिटें खात असेल तर तो 8 तास पुरेल. 2 युनिटें खाईल तर 12 तास. हे चार तास आजारी माणसाच्या घरीं फार मोलाचे होत.

यंत्रांत सर्वांत खादाड भाग म्हणजे लहरींचें बळ वाढविणारा वर्धक. त्याची बरीच शक्ति उष्णता होऊन वायां जाते. म्हणून रात्रीं वर्दळ ओसरली कीं वर्धकास मधून मधून निजविण्याची युक्ति योजितात. दुसरी युक्ति जुनी आहे. लांब लहरींच्या केंद्रांस प्रचंड शक्ति लागे. आखूड लहरींचा एकाच दिशेस झोत सोडल्यास पुष्कळ थोडक्यांत भागतें, असें मार्कोनीच्या मंडळीस आढळलें. 1927 सालीं खडकी व दौंड येथील केंद्रांमार्फत इंग्लंडशीं असाच व्यवहार सुरू झाला. कंदिलामागें आरसा लावावा, तसाच हा प्रकार. आजच्या पांचव्या पिढीच्या मोबाइल यंत्रणेंतहि झोताचेंच तत्त्व आहे.

आतां आपल्या हातचें. मोकळ्या जागेंत अंतर दुप्पट झालें कीं लहरीचें बळ चौथाई उरतें. मध्यें डोंगर आला तर त्याहूनहि कमी. तळ्यासारख्या डोंगराळ मुलखांत माजघरांत ठेविलेला मोबाइल दूरच्या मनोऱ्यास ऐकूं जावें म्हणून अधिक जोरानें ओरडतो, आणि त्याची बॅटरी लौकर सरते. वादळाच्या दिवसांत तो मनोऱ्याच्या बाजूच्या खिडकीशीं ठेवावा. लांब संभाषणाऐवजीं "सर्व सुखरूप" एवढा लहान लेखी संदेश धाडावा. पलीकडचा मोबाइल बंद असला तरी असा संदेश कांहीं काळ मध्यंतरीं जपून ठेविला जातो व संधि मिळतांच पोंचतो. मनोराच बंद असेल तर मोबाइलहि मिटून ठेवावा आणि ठराविक वेळींच उघडावा. ही वेळ कोणती, हें मृग लागण्यापूर्वींच गांवच्या आजीआजोबांशीं ठरवून ठेवावें.