हात लावला की बरा!

खेळ म्हटला की खोटं खोटं चालायचंच. राक्षस असू देत, जादू असू दे. पण भिक्खूला वैद्य करायचं ठरवलंत, तर शुश्रूषा म्हणजे काय हे आधी समजून घ्या की!

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून खेळायच्या खेळात २०२० साली दयामार्गी भिक्खू आला. नातवाने मला त्याचे नियम समजावले. अंगातल्या शक्तीचा एक पॉइंट खर्च करायचा, हात लावायचा, जखम भरली! सतराव्या पातळीला पाच पॉइंटांत चोवीस तासांच्या आत मेलेलाही उठतो. आणि याच भिक्खूचा हात एका पॉइंटात शत्रूला जास्तीची इजाही करतो. याला म्हणे दया!

नातू म्हणतो, "आबा, पट्ट्या बांधत बसलं तर खेळ रटाळ होईल." मला हे अजिबात पटत नाही.

विनयपिटकातल्या महावग्गात पोटाच्या विकाराने आपल्याच घाणीत पडलेला एक भिक्खू आहे. तो कुणाच्या उपयोगाचा नव्हता, म्हणून इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्धांनी पाणी ओतलं, आनंदांनी त्याला धुतलं, दोघांनी उचलून खाटेवर निजवलं. पुढे चांगल्या शुश्रूषकाची पाच लक्षणं दिली आहेत: औषध करता येणं, पथ्यापथ्य कळणं, लोभाने नव्हे तर मायेने करणं, मलमूत्र-वांतीची किळस न येणं, धम्माचे चार शब्द सांगून रोग्याला उभारी देणं. पथ्य न पाळणारा, दुखणं खरं न सांगणारा अवघड रोगीही तिथे आहे. आणि रोगी दगावलाच, तर त्याचं पात्र व चीवरं शुश्रूषकाला द्यावीत, असंही आहे. म्हणजे कौशल्यं, अडचणी, बक्षीस, सगळं तयार आहे. खेळ रचणाऱ्याला आणखी काय हवं?

आम्हा लोहारेकरांना हे पोथीतून शिकावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने सास्तूर, किल्लारीची गावं जमीनदोस्त झाली. ढिगाऱ्यातून निघालेल्यांना उभं केलं ते पुढे कित्येक दिवस ड्रेसिंग बदलणाऱ्यांनी, चमच्याने पेज भरवणाऱ्यांनी. एका स्पर्शात कुणीच बरं झालं नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. या भिक्खूला बरं करायला वेळ लागू द्या. रात्रभर जागायचं की पुढच्या लढाईला जायचं, हे मुलांना ठरवू द्या. कधी रोगी दगावू द्या. पोरं कंटाळणार नाहीत. उद्या घरात कुणी अंथरूण धरलं, तर निदान खाटेपाशी बसतील तरी.