प्लॉट घेणारे अडाणी?

मंडळी, "मराठवाड्यातल्या लोकांना गुंतवणूक कळत नाही, म्हातारपणासाठीही प्लॉट आणि सोनंच घेतात," हे वाक्य आता पुरे झालं! नांदेड-लातूरकडच्या माणसानं दुष्काळ पाहिलाय, ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पाहिलाय. घर कोसळलं तरी जमीन उरते, अडीनडीला सोनं गहाण ठेवता येतं, हे तो अनुभवानं शिकलाय. यात अडाणीपणा कुठे आला?

उपदेश करणारे बहुधा जुन्या पेन्शनवाले. राज्य सरकारी नोकरीत १ नोव्हेंबर २००५ पासून लागणाऱ्यांसाठी ती पेन्शन बंद झाली. ज्याची पेन्शन महागाईबरोबर वाढते, त्यानं इतरांना शेअर बाजारातली जोखीम शिकवावी? सोपं आहे हो ते!

पण म्हणून हिशोब टाळून चालणार नाही. रिकामा प्लॉट दरमहा किराणा भरत नाही. आणि 'सरकारी आहे, हमी आहे' एवढ्यावरही थांबू नका. अटल पेन्शन योजनेत अठराव्या वर्षापासून महिना २१० रुपये भरले, तर साठीनंतर महिना ५,००० रुपयांची हमी. छान! पण महागाई ६ टक्के धरली, तर ४२ वर्षांनी त्या ५,००० ची किंमत आजच्या जेमतेम ४३० रुपयांइतकी. फॉर्म भरून घेताना हे कुणी सांगतं का?

अर्थसाक्षरता म्हणजे फंडांची नावं पाठ असणं नव्हे. "साठीनंतर दरमहा किती मिळतील, आणि तेवढ्यात तेव्हा काय येईल?" एवढं विचारता येणं. नातेवाईक मंडळींनो, पुढच्या लग्नात प्लॉटचे भाव सांगण्याआधी हे एकमेकांना विचारा बघू!