चोवीस तासांची मुदत

डिसेंबर १८६२. अमेरिकेत यादवी पेटली होती. कापसाच्या चोरट्या व्यापाराचे खापर सरसकट ज्यूंवर फोडून उत्तरेच्या फौजेचे जनरल ग्रँट यांनी त्यांना आपल्या लष्करी विभागातून चोवीस तासांत हद्दपार करण्याचा हुकूम सोडला.

केंटकीतल्या पदूका गावचे सीझर कास्केल गप्प बसले नाहीत. आधी तार, मग वॉशिंग्टनची वाट, आणि अखेर थेट अध्यक्ष लिंकन यांच्यापुढे गाऱ्हाणे! जानेवारीत हुकूम मागे घेतला गेला. मूठभर समाजाने केवळ नागरिक म्हणून दाद मागून मिळवलेला हा न्याय आम्हाला फार मोलाचा वाटतो. कारण नागरिक म्हणून हक्कही त्यांना सहज मिळाले नव्हते: मेरीलँड राज्यात सार्वजनिक पदांचा हक्क मिळवायलाच ज्यूंना १८२६ उजाडले होते.

१८६८ मध्ये ग्रँट अध्यक्षपदासाठी उभे राहिले, तेव्हा त्यांना मत द्यावे का, यावर ज्यूंमध्ये उघड वाद झडला. १८७६ मध्ये तेच ग्रँट वॉशिंग्टनमधल्या सिनेगॉगच्या उद्घाटनाला जातीने हजर राहिले.