हसण्याचा हक्क

दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तनदिनी पुस्तकांच्या स्टॉलवर पाय ठेवायला जागा नसते. विनोदी पुस्तक मात्र शोधावे लागते. आमच्या उपरोधिक लेखांचे बाड एका प्रकाशकाने परत केले. म्हणाले, "वकीलसाहेब, आत्मकथन असेल तर द्या!" म्हणजे रडायचे आम्ही आणि हसायचे इतरांनी?

दुखणे जुनेच आहे. जोशीबुवाची लबाडी उघडी पाडणारे, विदूषकाला बोलते करणारे जोतिराव फुल्यांचे 'तृतीय रत्न' १८५५ साली दक्षिणा प्राइज कमिटीकडे गेले. भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियनांचे काही चालले नाही, असे जोतिरावांनीच लिहून ठेवले आहे. नाटक छापून यायला १९७९ उजाडले! भीमराव कर्डकांचे जलसे मात्र कुठल्या प्रकाशकासाठी अडले नाहीत.

आता प्रकाशक आपलेच आहेत. छपाईची वर्गणी आम्ही गोळा करतो. येत्या धम्मचक्र प्रवर्तनदिनी एक तरी विनोदी पुस्तक स्टॉलवर ठेवा.