डुलणारे टपालवाले

१९३६ सालचा ‘नाइट मेल’ हा लंडनहून स्कॉटलंडला जाणाऱ्या टपालगाडीवरचा ब्रिटिश माहितीपट. त्यातले पत्रांची वर्गवारी करणारे कर्मचारी खरे, डबा मात्र स्टुडिओतला. गाडीचे हेलकावे भासावेत म्हणून त्यांना जागच्या जागी डुलायला लावलं होतं. ही लबाडी आम्हाला बेहद्द आवडते! डब्ल्यू. एच. ऑडनची कविता आणि बेंजामिन ब्रिटनचं संगीत चाकांच्या ठेक्यावर धावू लागलं, की खऱ्याखोट्याचा हिशेब कोण मागतो?

जेफ्री जोन्सचा बर्फातल्या रेल्वेवरचा ‘स्नो’ (१९६३) जेमतेम ८ मिनिटांचा, निवेदन अजिबात नाही. शर्यतपटू आयर्टन सेन्नावरच्या ‘सेन्ना’त (२०१०) आसिफ कपाडियांनी जुन्या चित्रणावरच भिस्त ठेवली, मुलाखतींचे नुसते आवाज ऐकवले. हल्लीचे माहितीपट फार बोलतात. या अंकात कमी बोलणाऱ्यांना आम्ही उघडउघड झुकतं माप दिलं आहे.