कर्ता कोण ?

गेल्या रविवारीं आमच्या नातवाचे मित्र घरीं जमले होते व ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नांवाचा अमेरिकन खेळ चालला होता. प्रत्येकानें एक पात्र धारण करावयाचें, तें काय बोलतें व काय करितें हें स्वमुखानें सांगावयाचें, आणि राक्षसांसह उरलेलें सर्व जग ‘डंजन मास्टर’ नामक सूत्रधारानें चालवावयाचें, अशी त्याची रीत आहे. यशापयश वीस बाजूंचा फांसा ठरवितो. मध्येंच आमचा नातू फणकाऱ्यानें उठून आंत आला. त्याच्या योद्ध्यावर कोणा मांत्रिकानें वशीकरण केलें होतें, आणि सूत्रधारानें त्याच्याकडून सोबत्यावरच तलवार चालवविली होती. “आजोबा, फांसा हरलों हें कबूल, पण मग मीं तेथें बसून करावें काय?” असें तो म्हणाला. वाचकहो, प्रश्न लहान तोंडचा खरा, पण लहान नव्हे.

वशीकरण या खेळांत नवें नाहीं. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं १९७४ सालीं तो प्रसिद्ध केला, तेव्हांपासून त्यांत असा मंत्र आहे. मात्र ज्यावर तो टाकावयाचा त्यास फांसा टाकून सुटण्याची संधि असे. वाद पेटला तो २००८ सालच्या चौथ्या आवृत्तीनें. तींत साध्या योद्ध्यासही असा एक डाव मिळाला कीं, त्यानें आव्हान देतांच भोंवतालचे शत्रु त्याच्याजवळ ओढले जावेत. मंत्र नाहीं, आणि प्रतिकाराचा फांसाही नाहीं ! पुढें दुरुस्ती होऊन तो फांसा आला. पण शहाणा धनुर्धर आपण होऊन तलवारीखालीं कां येईल, असें पुष्कळ खेळाडूंनीं विचारलें, व हा संगणकावरील खेळांचा संसर्ग आहे असा बोल लाविला.

आमच्या मतें त्या आरोपांत अर्धें सत्य आहे. २००४ सालच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’मध्यें योद्ध्याचें आव्हान राक्षसाला आपल्याकडे वळवितें खरें, परंतु तेथें राक्षसाला मन नाहीं. कोणापासून किती धोका, याची बेरीज यंत्र ठेवितें व राक्षस त्या बेरजेमागें धांवतो. बेरीज बदलल्यानें कोणाचा अपमान होत नाहीं. मेजाभोंवतीं मात्र पात्रामागें जितें मन बसलेलें असतें. यंत्रांतील उपाय तेथें जशाचा तसा आणला, तर बेरजेऐवजीं माणूसच खोडला जातो.

परंतु त्याच आवृत्तींत दुसरीही एक युक्ति होती. योद्ध्यानें शत्रूवर खूण ठेवावी; मग शत्रूनें त्याला वगळून इतरांवर वार केला, तर त्याच्या फांशांतून २ वजा व्हावे. वाट मोकळी, पण जकात ठरलेली. निवड ज्याची त्याच्याकडेच राहते, म्हणून ही रीत आम्हांस अधिक न्याय्य वाटते.

पाणिनीनें स्वातंत्र्य हेंच कर्त्याचें लक्षण मानिलें आहे. आणि ‘करणें’चें ‘करविणें’ झालें, तरी ज्याच्याकडून करवावयाचें तो कर्ताच राहतो. हें व्याकरण आम्हीं पस्तीस वर्षें शिकविलें, पण वर्गांत पाळलें असें म्हणवत नाहीं. रूपें पाठ नव्हतीं म्हणून एका मुलास आम्हीं सर्वांदेखत उठाबशा काढावयास लाविल्या. त्यानें त्या निमूटपणें काढल्या, आणि पुढल्या वर्षीं संस्कृत सोडलें. आमचा फांसा जिंकला होता. खेळाडू मात्र उठून गेला होता.

नातवास आम्हीं एवढेंच सांगितलें, “वश झालास हें मान्य कर. पण तलवार उचलतांना हात कांपला कीं नाहीं, डोळे सोबत्याकडे वळले कीं नाहीं, हें तूंच सांगणार, असें सूत्रधारास म्हण.” तो परत गेला. थोड्या वेळानें फांसा पुन्हां खुळखुळूं लागला. त्या दुसऱ्या मुलास परत बोलावणें आतां आमच्या हातीं नाहीं. ज्यांच्या घरीं मुलें अद्यापि खेळांत बसलेलीं आहेत, त्या वडीलधाऱ्यांनीं मात्र आज्ञा करण्यापूर्वीं क्षणभर थांबावें.